काळ्या बुडाची खापरं मी धुतली

त्या दिवशी पडवीत कोण कोण होतं ते आधी सांगते. तुम्ही होतात, माधवीताई. मोठे साहेब होते, सगळ्या खोदकामाचे मुख्य, पांढऱ्या दाढीचे, थंड मुलखातले. सालेम होता, तिथलाच, साहेबांची गाडी चालवायचा आणि अरबीचं हिंदी, हिंदीचं अरबी करून द्यायचा. त्याची आई होती, उम्म सालेम, कोपऱ्यात चटईवर. आणि मी होते, भागीरथी, स्वयंपाकवाली, ओला ब्रश हातात घेऊन. पाच माणसं. सहावं कोणी नव्हतं. साहेब मागंच वारले. आता तुम्ही. उरलो तिघं.

तुम्ही गेल्याला आज सतरा दिवस झाले. फोन सालेमनं केला. त्यानं आधी इन्ना लिल्लाह म्हटलं, तेव्हाच कळलं की कोणीतरी गेलं. मला वाटलं त्याची आई. तो म्हणाला, "नहीं मौसी, मॅडम. पूना में." मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकले. लेक म्हणाली, "आई, बस ना." म्हणलं, उभीच बरी आहे.

तुम्ही माझ्या नात्यातल्या नव्हतात. सुतक लागत नाही. पण तेरा दिवस मी गोडाला शिवले नाही. घरात कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तुम्ही किती शिकलात, कुठल्या कुठल्या देशात खोदायला गेलात, ते इथल्या मराठी मंडळाच्या अंकात दुसरं कोणी लिहील. माझी शाळा चौथीपर्यंत. मी बोलते, लेक लिहिते. मधूनच ती पेन थांबवते, म्हणते, आई, हे कशाला? मी म्हणते, लिही.

ताई, तुम्हाला माझं सगळं माहीत होतं, पण वाचणाऱ्याला माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. माझे मालक अबूधाबीकडं, रुवैसला, वेल्डिंगच्या कामावर होते. दोन वर्षांतून एकदा गावी यायचे. एका वर्षी ते आले नाहीत, पेटी आली. छातीत कळ आली म्हणे. लेक नऊ वर्षांची. दीर म्हणाला, "वहिनी, राहा, भाकर खा." खाल्ली सहा महिने. पण आपण जेवताना कोणी ताटाकडं बघत बसलं की घास उतरत नाही. लेकीला भावाकडं ठेवलं आणि अबूधाबीला पुण्याच्या एका कुटुंबाकडं कामाला आले. कुवेतची लढाई झाली, त्यानंतर ते लोक कायमचे पुण्याला निघाले. माझा व्हिसा संपत आलेला. त्या घरच्या बाई तुमच्या शाळेतल्या मैत्रीण. त्यांनी तुम्हाला फोन करून सांगितलं, "हाताला चव आहे आणि बोलत नाही." बोलत नाही हा तेव्हा माझा गुण होता.

मग आले रास अल खैमाच्या बाजूला, तुमच्या खोदकामाच्या कॅम्पवर. एकीकडं उघडे डोंगर, एकीकडं खजुराच्या बागा, मध्ये तो पत्र्याच्या पडवीचा बंगला. थंडीचे चार महिने काम. पहाटे पठाण मजूर कुदळी घेऊन निघायचे, दुपारी एकला परत. पंधरा माणसांचं रांधायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही चुलीपाशी येऊन म्हणालात, "मावशी, साहेबांना तिखट चालत नाही हं." मी वेगळं काढून ठेवलं. तर साहेबांनी माझ्या वाटणीची सुक्या खोबऱ्याची चटणी उचलली आणि पावाला जॅमसारखी फासून खाल्ली. कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, पण "गुड, गुड" करत राहिले. तुम्ही मला खूण केलीत, हसू नका. आणि स्वतःच तोंडावर पदर धरून बाहेर पळालात.

मी वयानं तुमच्यापेक्षा मोठी, म्हणून मावशी. तुम्ही शिकलेल्या, म्हणून तुम्ही ताई. राग आला की मात्र तुम्ही मला पूर्ण नावानं हाक मारायचात. "भागीरथीबाई" ऐकलं की मी ओळखायची, आज काहीतरी बिनसलं.

खापरांकडं मी कशी आले, ते तुम्ही सगळ्यांना हसून सांगायचात. पडवीत ट्रेमध्ये खापरं वाळत घातलेली असायची, हजारो वर्षांपूर्वीची. मी कपडे वाळत घालायला जाता जाता एक उचललं. सवयीनं आतून बोट फिरवलं.

तुम्ही ओरडलात, "मावशी, ठेवा ते! जागा चुकेल त्याची!"

म्हणलं, "ठेवते. थापटून केलंय हे."

"काय?"

"पोट थापटून मोठं केलंय. आत गुंड्याचे खळगे आहेत बघा."

तुम्ही चष्मा वर केलात. "तुम्हाला कसं कळलं?"

"कुंभाराच्या घरची आहे मी, ताई."

कुंभार चाकावर मडकं लहान आणि जाड काढतो. मग ते जरा सुकलं की आतून डाव्या हातात गुळगुळीत दगड धरायचा, तो गुंडा. बाहेरून उजव्या हातानं लाकडी थापटणं मारायचं. मारत मारत मडकं फुगवायचं. बाहेरून पाण्याचा हात फिरवून साफ करतात. आतून कोण बघतं? म्हणून गुंड्याचे खळगे आत राहतात. आमच्यात चाकाला बाईनं शिवायचं नाही, पण थापटायचं काम बायकांचं. आठ वर्षांची होते तेव्हापासून थापटत होते मी. ते खापर हातात धरलं आणि मला माझ्या आईची पाठ दिसली, उन्हात वाकलेली.

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की तुम्ही मला धुवायला बसवलंत. मऊ ब्रश. कडा घासायच्या नाहीत. रंग असला तर पाण्यात बुडवायचं नाही. ट्रेमधली चिठ्ठी ट्रेमध्येच राहिली पाहिजे, ती हरवली तर खापर मेलं, असं म्हणायचात. मी एकही चिठ्ठी हरवली नाही. हे तुम्ही कबूल करायचात.

आणि आपलं भांडण. पाच वर्षं ते एकच भांडण. माती इथल्याच डोंगराखालची, हे तुम्ही कसंतरी तपासून काढलं होतंत. मी म्हणायची, माती इथली असू दे, हात आपल्याकडचा आहे. आणि गुंडा लहान आहे, बाईच्या मुठीतला. कोणीतरी बाई समुद्र ओलांडून इथं आली आणि इथल्या मातीची मडकी थापटत बसली.

तुम्ही म्हणायचात, "मावशी, हाताला वाटलं म्हणून पुस्तकात लिहिता येत नाही."

"मग काय लिहिता येतं?"

"जे दुसऱ्याला तपासून बघता येतं, तेवढंच."

"माझं बोट तपासा."

"तुम्ही स्वतःलाच त्या मडक्यात घालताय, कळतंय का? नवरा परमुलखात, बाई एकटी, दर्यापार आलेली. ही तुमची गोष्ट आहे, तिची नाही."

म्हणलं, "तिची कोण सांगणार मग?"

पेन्सिल कानावर अडकवलीत आणि चहा मागितलात. उत्तर नसलं की तुम्हाला चहा लागायचा.

उम्म सालेम कॅम्पवर यायला लागली ती तुमच्यामुळं. तिच्या माहेरची माणसं डोंगराच्या कुशीत मडकी करायची, तेल निघालं आणि प्लास्टिकच्या बादल्या आल्या, तसं ते बंद झालं. तुम्हाला त्या म्हातारीच्या हातातलं लिहून घ्यायचं होतं. तुम्ही म्हणायचात, जमिनीतलं आणखी हजार वर्षं थांबेल, ही थांबणार नाही. ती यायची, काळा झगा, तोंडावर तिथल्या बायकांचा पितळी रंगाचा, नाक असलेला मुखवटा, त्याला त्या बुरका म्हणतात, आणि आल्या आल्या सगळ्यांना कॉफी आणि तीन तीन खजूर द्यायची. स्वतःच्या घरातून आणलेले. कॅम्प तुमचा, पण यजमानीण ती.

एक दिवस तुम्ही माती कालवून आम्हा दोघींना समोरासमोर बसवलंत. तिनं मातीच्या लांब वळ्या केल्या आणि एकावर एक रचत गेली, चाक नाही काही नाही. मी माझा गोळा घेऊन थापटायला लागले. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "ला, ला, ला!" म्हणजे नाही, नाही, आणि सालेमकडं वळून खूप बोलली.

सालेम म्हणाला, "अम्मा बोलती है, मटके को मारती काहे को? उसने तेरा क्या बिगाडा?"

म्हणलं, "बोल उसको, मारे बिना पक्का नहीं होता. मरद के जैसा है."

त्यानं सांगितलं. उम्म सालेम इतकी हसली की बुरक्याचं नाक सरकलं. मग काहीतरी म्हणाली. सालेम लाल झाला.

"क्या बोली?" तुम्ही वही उघडून तयार.

"मॅडम, ये नहीं लिखने का."

"सालेम, सगळं लिहायचं असतं!"

"वल्ला, मेरी माँ है, मैं नहीं बोलूंगा."

तुम्ही शेवटपर्यंत त्याच्या मागं लागलात, त्यानं सांगितलं नाही. मला मात्र कळलं होतं. बायकांना कळतं.

त्याच थंडीत ते घर सापडलं. घर म्हणजे दगडाच्या दोन ओळी, पण आत चूल होती. तीन दगड आणि राख. तुम्ही खड्ड्याच्या काठावर पोरीसारख्या उकिडव्या बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला गावातल्या म्युझियममध्ये काम होतं, सकाळीच गेलात. आणि दुपारी चुलीजवळची खापरं निघाली. ट्रे भरून पडवीत आला.

एरवी ट्रे आधी तुमच्याकडं जायचा. काय धुवायचं, काय नाही, ते तुम्ही निवडून मग माझ्यापुढं ठेवायचात. त्या दिवशी तुम्ही नव्हतात. मजुरानं ट्रे सरळ माझ्यासमोर ठेवला आणि तो जेवायला गेला.

मी बघितलं. रांधायची मडकी. बुडाला काजळी, आत करपलेलं काहीतरी धरलेलं. मला आनंदच झाला, ताई. इतकी वर्षं लोकांच्या बाजाराची, साठवणीची मडकी धुतली, आज कुणाची तरी चुलीवरची आली. आमच्याकडं एक रीत आहे. दुसऱ्याचं भांडं आपल्या हातात आलं तर ते काळ्या बुडाचं परत द्यायचं नाही. शेजारणीचं पातेलं असलं तरी राख लावून लख्ख करून द्यायचं, नाहीतर म्हणतात, हिच्या घरात हात चालत नाहीत. मला वाटलं, ही बाई मेली, मडकं तसंच चुलीवर करपलेलं राहिलं, कोणी घासलं नाही. मऊ ब्रशनं निघेना. मी आत जाऊन खजुराच्या झाडाची शेंडी, काथ्यासारखी, आणली आणि राख आणली. तासभर घासलं. एकेक खापर लाल निघालं. चिठ्ठी जागच्या जागी ठेवली. उन्हात मांडलं आणि दोन पावलं मागं होऊन बघितलं. बरं वाटलं जिवाला.

उम्म सालेम चटईवर बसून माझ्याकडं बघत होती. तिनं मला अडवलं नाही. तिलाही ते बरोबरच वाटलं असणार.

तुम्ही आलात. पर्स खांद्यावरच होती. ट्रेपाशी थांबलात. एक खापर उचललंत, आत बघितलंत, बाहेर बघितलंत. दुसरं उचललंत. मी म्हणलं, "लय काळी होती, ताई. सगळी निघाली."

तुमच्या तोंडावरचा रंग गेला. मी तुम्हाला पाच वर्षं बघत होते, तसं तोंड कधी बघितलं नव्हतं. एवढंच म्हणालात, "राख लावलीत?"

तेवढ्यात साहेब आले, मागून सालेम. साहेबांनी ट्रे बघितला. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि त्याचीच भीती वाटायची. मागल्या महिन्यात एका पठाणानं खड्ड्याच्या भिंतीतला मणी उपटून आणला होता. चांगल्या मनानं, साहेबांना दाखवायला. जागेवरून हलवला म्हणून साहेबांनी त्याला हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीत तो गेला. यल्ला, म्हणजे चल, खलास. तो गयावया करत होता, साहेबांनी त्याला पाणी प्यायला दिलं, पण ठेवलं नाही.

साहेब म्हणाले, "हू वॉश्ड दीज?"

एवढं इंग्रजी मला येत होतं.

माझी लेक तेव्हा दहावीत होती. भाऊ म्हणाला होता, तू पाठवतेस तोवर शिकेल, नाहीतर स्थळ बघतो. हे सगळं मला त्या एका क्षणात आठवलं, असं नाही सांगत. मला काहीच आठवलं नाही. ओला ब्रश हातात होता, त्याचं पाणी माझ्या पायावर गळत होतं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं असतं तर कळलंच असतं. ते तुमच्याकडं बघत होते.

तुम्ही म्हणालात, "आय डिड."

दोन शब्द. तेही मला येत होते.

साहेबांनी एक खापर उचलून परत ठेवलं. मग आत गेले. सालेमनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. उम्म सालेमनं कॉफी ओतली. रोज ती पहिला कप मला द्यायची, वयाचा मान म्हणून. त्या दिवशी तो तुमच्यापुढं ठेवला. खजूर पण.

मी पीठ मळत होते तेव्हा तुम्ही आत आलात. तेव्हा सांगितलंत मला. बाजाराचे रांजण गलबतातून येतात, त्यानं काही सिद्ध होत नाही. पण वापरून काळं झालेलं रांधायचं मडकं कोणी विकायला आणत नाही. ते बाई जिथं राहते तिथंच असतं. आणि त्या करपलेल्यात काय शिजत होतं, ते मोठ्या दवाखान्यासारख्या ठिकाणी तपासून कळलं असतं. आपल्याकडचं धान्य असतं तर? साहेब म्हणत होते, फक्त व्यापार होता, आपल्याकडची माणसं इथं राहिली नाहीत. तुम्ही इतकी वर्षं म्हणत होतात, राहिली असावीत. म्हणजे माझंच म्हणणं होतं ते, ताई. तुम्ही माझ्याशी भांडत होतात आणि त्यांच्याशी माझ्याच बाजूनं भांडत होतात. मला हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्याला तपासून बघता येईल असं जे एक सापडलं होतं, ते मी राखेनं घासून टाकलं.

म्हणलं, "मी सांगते साहेबांना. आत्ता जाते."

"काय सांगणार? काळं धुवायचं नाही हे तुम्हाला सांगणं माझं काम होतं. पाच वर्षांत सांगितलं नाही. चूक माझीच."

"हात माझे होते."

"हात तुमचे, काम माझं. खलास, मावशी."

मग दारापर्यंत गेलात आणि वळलात. तेव्हा मात्र आवाज फुटला तुमचा. "भागीरथीबाई, एवढं कसं खुपलं हो तुम्हाला काळं बूड?"

मी पीठ मळत राहिले. जेवायला तुम्ही आला नाहीत. तुमची भाकरी मी झाकून ठेवली, सकाळी ती तशीच होती.

पुढच्या थंडीत तुम्ही आला नाहीत. कॅम्पवर इंग्रजी पत्र आलं, सालेमनं वाचलं: या वर्षी मी येत नाही, मावशींना नमस्कार. तुमच्या जागी एक तरुण साहेब आला. भला होता. त्याच्यासाठी मी अजून दोन थंड्या रांधलं. त्यानं मला कधी खापर हातात घेऊन विचारलं नाही. मी पण आतून बोट फिरवायचं सोडलं.

लेक शिकली. बारावी, मग नर्सिंग. मग इकडं नोकरी लागली, इथंच लग्न झालं. जावई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीत सुपरवायझर, तिथंच स्टाफच्या बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही. दीड वर्षामागं तुम्ही शारजाला कसल्या सभेसाठी आला होतात, तेव्हा आमच्याकडं आलात. दार उघडलं तर ओळखलंच नाही मी. केस गेलेले, डोक्याला रुमाल. मी विचारलं, पथ्य काय आहे? म्हणालात, "आता कसलं पथ्य, मावशी. सुरमई असेल तर तळा." दोन तुकडे खाल्लेत, तेही माझ्यासाठी.

नातीला तुम्ही विचारलंत, "आजीला माती येते, तुला येते का?" ती म्हणाली, "आय हॅव क्ले इन स्कूल, बट आजी सेज इट्स नॉट रिअल." किती हसलात तुम्ही. हसता हसता खोकला लागला.

तुमच्याजवळ एक जाड निळं पुस्तक होतं. साहेबांचं, त्या खोदकामाचं, ते गेल्यानंतर छापून आलेलं. म्हणलं, "चित्रं आहेत का?" तुम्ही चित्रांची पानं उलटून दाखवलीत. तुमच्या हातची सगळी, मडकी अर्धी आतून, अर्धी बाहेरून. आतल्या बाजूला तुम्ही खळगे काढले होते, बारीक टिंबांनी. अक्षरांची पानं तुम्ही उलटली नाहीत. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून, असं मला वाटलं.

मग म्हणालात, "परवा मी कच्छच्या बाजूला गेले होते. कुंभारणी थापटताना बघितल्या. त्यांचा गुंडा लहान असतो. तुमचं बरोबर असू शकेल."

"असू शकेल?"

"असू शकेल. याच्यापुढं मी जाणार नाही."

"पाच वर्षं भांडलात आणि एवढंच?"

"मावशी, हे एवढं म्हणायला माणसाचं आयुष्य जातं."

लेक पाणी घेऊन आली. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती, अंगावर दवाखान्याचा ड्रेस होता. तुम्ही तिला वरपासून खालपर्यंत बघितलंत. म्हणालात, "छान झालं हं हिचं." मग माझ्याकडं बघितलंत. तेव्हा बोलायला हवं होतं मी. अगदी ओठावर होतं. ताई, त्या दिवशी. एवढंच म्हणलं असतं तरी पुढचं आलं असतं. जावयानं खालून हॉर्न दिला, तुम्हाला सोडायला गाडी काढली होती त्यानं. तुम्ही चप्पल घातलीत. मी तुमच्या रुमालाची गाठ नीट केली, सैल झाली होती. झालं.

मला वाटत होतं की ती गोष्ट त्या पडवीतच राहिली. पाच माणसांत.

तुमची बातमी कळल्यावर मी जावयाला म्हणलं, मला उम्म सालेमकडं ने. तिच्याजवळ बसावंसं वाटलं. तुमच्यासाठी माझ्याबरोबर रडणारं इथं दुसरं कोण आहे? तिच्या फळीवर ते निळं पुस्तक होतं. सालेमला म्हणलं, ताईंची चित्रं काढ. तो चाळत होता, एका पानावर थांबला. खाली बारीक अक्षरं. मी म्हणलं, "पढ." तो म्हणाला, "छोड ना मौसी." म्हणलं, "पढ."

त्यानं हिंदीत सांगितलं. लिहिलंय की चुलीजवळच्या भांड्यांवरची काजळी आणि करपलेलं अन्न तपासता आलं नाही, कारण तुमच्या हातून, तुमचं नाव घालून, ती भांडी नमुना घ्यायच्या आधीच घासून धुतली गेली.

म्हणजे ताई, तुम्हाला माहीत होतं. माझ्या घरी सुरमई खात होतात तेव्हा ते पान तुमच्या मांडीवर होतं.

मी उम्म सालेमचा हात धरला. म्हणलं, सालेम, अम्मा को बोल, धोया मैंने था. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं आणि दोन शब्दांत काहीतरी म्हणाली.

"क्या बोली?"

"बोली, मेरे को काहे को बताती है? मैं तो वहीं थी."

खरं आहे तिचं. जे तिथं होते त्यांना सांगून काय? साहेब होते, ते चुकीचं मानून गेले. तुम्ही होतात, तुम्ही खरं घेऊन गेलात. मी तुमची माफी मागत नाही, ताई. तुमच्या हयातीत इतकी वर्षं मागता आली असती, तेव्हा मागितली नाही, आता तुम्हाला हो म्हणायचंही बळ नाही आणि नाही म्हणायचंही. तुम्ही दोन शब्द बोललात म्हणून माझी लेक आज हे लिहितेय. ती आत्ता पेन खाली ठेवून बसलीय. तिलाही आजच कळलं.

म्हणून आता हे वाचणाऱ्याला सांगते. जे तिथं नव्हते, त्यांना. ते निळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक तुमच्याकडं असेल, किंवा तुमच्या कॉलेजच्या, म्युझियमच्या लायब्ररीत असेल, तर चुलीचं घर जिथं आहे ते पान काढा. खाली बारीक अक्षरात माधवीताईंचं नाव आहे. ते खोडू नका, पुस्तक खराब करू नका. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं फक्त एवढं लिहा: ही भांडी भागीरथी कुंभार हिनं धुतली, माधवीताई तेव्हा तिथं नव्हत्या.